कोटाच्या अस्तरातलं नाव

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून वर्ष झालं, तरी टॅबिथा क्राउडरचा पाय घरात ठरत नव्हता. दक्षिणेच्या बाजूनं लढलेला तिचा मुलगा एझ्रा जॉर्जियातल्या कुठल्याशा लष्करी इस्पितळात वारला, एवढंच कळलं होतं; त्याचं थडगं शोधत ती सुनेला घेऊन गावोगाव हिंडत होती. मागच्या गावात त्याच्या नावाची लाकडी पाटी सापडली, तेव्हा सासू-सुना पोटभर रडल्या. आज परतीच्या वाटेवर, या गावातल्या इस्पितळामागच्या एका थडग्यावरही त्याच नावाची पाटी निघाली.

"माणूस दोनदा कसा मरेल, आई?" सून लव्हिनियानं पाटीवरची अक्षरं बोटानं पुन्हा वाचली.

टॅबिथा तणतणत त्या इस्पितळातल्या जुन्या परिचारिकेकडे गेली. ती म्हणाली, "बेशुद्धीत कुणी गेला की कोटात शिवलेलं नाव आम्ही पाटीवर लिहायचो. कोट पुढच्या कुडकुडणाऱ्याला द्यायचो. तिकडच्या इस्पितळातही हेच चालायचं. तिकडून हलवलेल्या कुणा जखमीच्या अंगावर तो इकडे आला असेल."

ते नाव टॅबिथानंच दुहेरी दोऱ्यानं शिवलं होतं, उसवू नये म्हणून.

"आता कुठाय तो कोट?"

"एक पोरगा बरा होऊन तो घालूनच चालत गेला."

"नाव काय त्याचं?"

"आम्ही सगळे त्याला एझ्राच म्हणायचो, बाई. कोटावर तेच होतं ना."

टॅबिथा केव्हाच त्या पोराच्या शोधात रस्त्याला लागली होती.