माझ्यामुळं सुप्रियावर आळ आला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि परवाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही!

पुण्यात माझी जुळणी झाली. टेम्पोतून मी वेल्ह्याच्या डोंगरातल्या या शाळेत आलो. पहिली दोन वर्षं काय थाट होता माझा! मग गोरख गुरुजींनी, खराब होऊ नये म्हणून, मला कपाटात कोंडलं. तीन वर्षांत बाहेर काढलं ते फक्त खंडेनवमीला. हळदकुंकू भरपूर, पण बटण दाबायला कुणी धजेल तर शपथ. याला काय जपणं म्हणायचं?

परवा आंबवड्याच्या नूतनताई आल्या. त्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतात. तिथं कसली कसली कामं असतात, ते त्या मुलांना सांगणार होत्या. म्हणून मला टेबलावर मांडलं. बटण दाबायला त्यांनी धनगरवस्तीवरच्या सुप्रियाला बोलावलं. सातवीतली पोर, भीत भीत तिनं बोट टेकवलं. दिवा लागला, मी घरघरलो आणि क्षणात सगळं बंद!

"मोडलास ना!" गुरुजी कडाडले.

"म्या काय बी केलं न्हाई, गुरुजी!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी हबकलोच! बिघाड माझा आणि आळ या लेकरावर? तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं हो!

नूतनताईंनी तिला जवळ घेतलं. "काय बिघडलंय ते हुडकायचं, हेच माझं कंपनीतलं काम. चल, आपण दोघी हुडकू." त्यांनी तिच्या हातात पेचकस दिला. बाप रे! भरवर्गात माझं पोट उघडलं!

"ताई, हितं कुंभारणीनं घर बांधलंय!" सुप्रिया किंचाळली. खरंच, त्या माशीनं माझ्या पंख्याच्या पात्यांत माती लिंपली होती. पंखा फिरेना, म्हणून मी तापून बंद पडलो होतो. मलाच पत्ता नव्हता!

सुप्रियानं ब्रशनं माती काढली. "दाब आता," ताई म्हणाल्या.

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं ताई. परत माझ्यावरच यील."

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलं माझं, बाळ. तीन वर्षं मीच उघडून बघितला नाही. आता बिघडला तर माझ्यावर."

तेव्हा कुठं तिनं बटण दाबलं आणि मी सुरू झालो.

मित्रांनो, माझा पंखा घटकाभरात फिरायला लागला. सुप्रियाचं बोट मात्र, गुरुजींनी चूक कबूल केल्यावरही, दाबण्याआधी बटणापाशी येऊन तीनदा मागं गेलं होतं. काही बंद पडलं तर आधी ते उघडून बघा. जवळ उभ्या असलेल्या लेकरावर ओरडू नका.