कागदावरचा डोळा

मनवाच्या वडिलांनी तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली हाताळल्या. पोरगी हाताची सर्जन झाली तेव्हा त्यांनी गिरगावातल्या अख्ख्या चाळीला पेढे वाटले, की घराण्यातली कारकुनी एकदाची संपली. कसली संपते! मनवा सकाळी परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करायची आणि दुपारभर विमा कंपनीच्या क्वेऱ्यांना उत्तरं लिहायची. पेशंट बाहेर ताटकळत.

आजची क्वेरी दगडूकाकांची होती, तिसरी. करी रोडचे दगडूकाका लालबागच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत. त्यांच्या मनगटात नस दाबली गेली होती आणि अंगठ्याखालचं मांस झडू लागलं होतं.

"बोटांका कळणाच नाय गो बाय," ते म्हणाले, "ब्रश हातात आसा की पडलो."

ऑपरेशन जेमतेम अर्ध्या तासाचं. पण कंपनी म्हणत होती, आधी सहा आठवडे पट्टा बांधा, गोळ्या द्या, मग बघू. तेवढ्यात नस कायमची जाईल हे मनवाला रिपोर्टात स्वच्छ दिसत होतं.

"इंजेक्शन दे आणि मोकळी हो," शेजारच्या टेबलावरून डॉ. हितेंद्र म्हणाला. "त्याला कुणाची मंजुरी लागत नाही."

गेल्या वर्षी तिने हेच केलं होतं, लक्ष्मीबाईंच्या हाताला. दुखणं थांबलं, नस मात्र गेली. बाईंना आता साडीची पिनसुद्धा लावता येत नाही. ते आठवलं की मनवाला स्वतःचाच राग येई. पुन्हा नाही म्हणजे नाही.

बाबा नेहमी सांगायचे, अर्जात रडगाणं गाऊ नये, पुढच्याला बाजूला सारता येणार नाही असा कागद जोडावा. मनवाने कोरा कागद पुढे सरकवला.

"काका, गणपतीचा डोळा काढा."

काकांनी सवयीने श्वास रोखला. डोळ्याची रेघ एका दमात ओढायची, मधे हात उचलायचा नाही, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. रेघ पापणीपर्यंत गेली आणि घसरली. त्यांनी शरमेने कागद पालथा घातला.

"ह्यो माझो डोळो न्हय."

"म्हणूनच तो पाठवतेय."

त्यांच्या मोबाइलमधला गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो तिने शेजारी लावला आणि खाली लिहिलं, 'दोन्ही डोळे एकाच हाताचे. मधे एक वर्ष गेलं.'

तासाभरात कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, हे आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही."

"तुमच्याकडे गणपती बसतो ना?"

"बसतो की."

"असल्या डोळ्याचा आणाल?"

चार वाजता मंजुरी हातात होती.

ऑपरेशन झालं. महिनाभराने काका तपासणीला आले, न सांगता कागद ओढला आणि एका दमात डोळा काढला. रेघ कुठेही हलली नाही. मनवाला भरून आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

तेवढ्यात पुढच्या पेशंटची, कमलबाईंची क्वेरी येऊन पडली. 'डोळ्याचे चित्र जोडलेले नाही.'

मनवा खो खो हसत सुटली. काका म्हणाले, "मी काढून देव काय?"

"नको, तुमचा आता सरळ येतो." तिने दार उघडून हाक मारली. "कमलबाई, हाताने काय काय करता तुम्ही?"

"करायची काय काय! मोदकाच्या कळ्या पाडायची. आता बोटांत जीवच नाही."

"उद्या उकड घेऊन या," मनवा म्हणाली. "कॅमेरा मी आणते."