नदीकाठी बसलेला माणूस

माझा नवरा मला आधी पुस्तकात भेटला, आणि पुस्तकात तो दुष्ट होता.

तेव्हा मी नारीन शहरातल्या वसतिगृहात राहून शिकत होते. ते पुस्तक आम्ही मुली आळीपाळीने वाचायचो. लिहिणारा सुयुन्दुक आमच्याच आत-बाशी खोऱ्यातला. पुढे राजधानीत, फ्रुंझेला जाऊन मोठा लेखक झाला. गोष्ट लढाईनंतरच्या वर्षांत खरंच घडलेली होती. अनारकान नावाच्या मुलीचं मेदेत ट्रॅक्टरवाल्यावर प्रेम होतं. एका मेंढपाळाच्या घरच्यांनी तिला रस्त्यातून उचलून नेलं, डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि त्याच्याशी लग्न लावून टाकलं. वर्ष सरायच्या आत ती मेदेतबरोबर पळाली. बर्फ वितळून नदी फुगलेली. मागे नवऱ्याकडचे लोक. ती ओलांडताना उताराच्या जागी घोड्याचा पाय घसरला आणि दोघंही वाहून गेली. सुयुन्दुकने नावं बदलली होती, पण कोण कोणाचं, ते खोऱ्यात शेंबडं पोरही सांगायचं.

पुस्तकात नवऱ्याच्या वाट्याला चाबूक आणि दारू एवढंच आलं होतं. फक्त शेवटाशेवटाला त्याच्यावर एक परिच्छेद होता. पाठलागावरचे सगळे परततात, नवरा मात्र एकटा काठावर बसून राहतो. घोडा चरत चरत लांब जातो, दव पडतं, उजाडतं, तरी हा उठत नाही. बाकीच्या मुली मेदेतसाठी रडायच्या. मी त्या परिच्छेदापाशी अडकायचे.

शिक्षण संपवून मी गावातल्या शाळेत मास्तरीण झाले आणि त्याच माणसाकडून, एस्तेबेसकडून, मला मागणी आली. आई भडकली. "ज्याच्यापायी एक पोर नदीत गेली, त्याच्या घरी जाणार तू? गावात दुसरे पुरुष मेले का?" मामी म्हणाली, "पुस्तकातून नवरा काढलाय हिने. तिथे निदान राजपुत्र तरी बघायचा!"

तो स्वतः आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"माझ्याबद्दल तुम्हाला ठाऊकच असेल," तो म्हणाला.

"पुस्तकात वाचलंय."

"मी नाही वाचलं. मला वाचायला वेळ लागतो." मग म्हणाला, "नको असेल तर नको म्हणा. या वेळी मी स्वतः विचारायला आलोय."

मी हो म्हणाले. पण खरं सांगायचं तर मी त्याला नव्हे, त्या परिच्छेदाला हो म्हणाले होते.

संसार वाईट झाला नाही. तो मुळात कमी बोलायचा. हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. मुलगी झाली, बुरुल. संध्याकाळी तो खिडकीशी गप्प बसला की मला वाटायचं, हा अजून नदीकाठीच आहे. मग मी आवाज न करता चहा ठेवून जायचे.

बुरुल पाचवीत असताना त्या पुस्तकावरचा सिनेमा गावात आला. मेंढपाळ कळप घेऊन डोंगरावरून खाली उतरले होते, त्यामुळे गावच्या क्लबात, सिनेमाच्या दालनात, पाय ठेवायला जागा नव्हती. एस्तेबेस मेंढ्यांपाशी होता. मी आणि बुरुल गेलो.

सिनेमा सुंदर होता, खोटं का बोलू? पुस्तकात मनं जुळायला पंचवीस-तीस पानं लागतात, इथे एका झोक्यावर काम झालं. अनारकान झालेली नटी झोका उंच नेत अशी हसली की सगळा क्लब तिच्याबरोबर हसला. आणि ती नदी! सुयुन्दुकने नदीला दोन ओळी दिल्या होत्या. पडद्यावर ती अशी गरजत आली की पुढच्या बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले. मी श्वास धरून त्या परिच्छेदाची वाट बघत होते. घोडा पडला. दोघं दिसेनाशी झाली. कड्यावर उभा असलेला नवरा हसला, त्याने चाबूक गुंडाळला आणि घोडा वळवला. पाण्यावर पांढरा रुमाल तरंगत गेला, वाद्यं वाजली, दिवे लागले.

सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. मागून कोणीतरी तोंडाने चाबकाचा आवाज काढला.

आम्ही घरी आलो. बुरुल दारात थांबून म्हणाली, "बाबा हसले होते?"

"नाही गं."

"तू होतीस तिथे?"

"पुस्तकात..." एवढंच मी बोलले. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी एस्तेबेस आला, तर मुलगी त्याच्याबरोबर जेवायला बसेना. मी झालं ते सांगितलं. त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मग बघून येतो," म्हणाला.

तो क्लबात शिरला तसे दारातले लोक बाजूला सरले. जागा फक्त पहिल्या बाकावर होती, कालिपा आजींच्या शेजारी. कालिपा म्हणजे मेदेतची आई. गावात समोरासमोर आली तर दोघं सलाम करायची, त्यापलीकडे शब्द नाही. तो बसला. मी त्यांच्या मागच्या बाकावर होते.

झोका आला. नटी हसली. एस्तेबेस गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकला आणि लहान मुलासारखा बघत राहिला. मग घोडेस्वार आले, मुलीला उचलून खोगिरावर टाकलं, तसा तो उठला आणि टोपी घालून निघाला.

"बस की," कालिपा आजी मोठ्याने म्हणाल्या. "अजून तुझं यायचंय."

"माझं मला ठाऊक आहे, मावशी."

सिनेमा गावात होता तोवर तो रोज गेला आणि रोज त्याच जागी उठून आला. शेवटी वाटेत मी विचारलंच, "अहो, अर्धाच सिनेमा कशाला बघता?"

"ती हसते," तो म्हणाला. "आमच्या घरात कधी हसली नाही. हसताना कशी दिसत असेल, मला माहीतच नव्हतं."

"ती नटी आहे. अनारकान नव्हे."

"ठाऊक आहे गं."

मला लागलं ते. इतक्या वर्षांत माझं हसणं असं पुढे वाकून कोणी बघितलं नव्हतं.

सिनेमा गेला आणि पहिला बर्फ पडला. त्या दुपारी कालिपा आजी काठी टेकत आमच्याकडे आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी गादी घातली, दूध-मिठाचा चहा दिला. त्यांनी बुरुलला जवळ बोलावलं.

"तो पडद्यावरचा बडबड्या माझा मेदेत नव्हे, बाळा. माझा तोतरा होता. चार शब्द बोलेपर्यंत चहा निवायचा. पण तो पोरगा घोड्यावर बसतो ना, तो अगदी माझ्या पोरासारखा. म्हणून मी जायचे." मग त्यांनी एस्तेबेसकडे बोट केलं. तो कोपऱ्यात लगाम शिवत होता. "आणि हा हसला नाही. मी काठावर होते, मी पाहिलंय. पण शहाणाही नव्हता हा. चुलत्यांनी दुसऱ्याची पोर उचलून आणली, तेव्हा हा मेल्यासारखा गप्प बसला. ते मी विसरलेले नाही."

"विसरू नका, मावशी," एस्तेबेस म्हणाला.

मला राहवेना. मी पुस्तक काढलं आणि तो परिच्छेद सगळ्यांसमोर वाचला. काठ, दव, लांब गेलेला घोडा, सगळं. "ऐकलंस?" मी बुरुलला म्हटलं. "तुझे बाबा हे आहेत."

एस्तेबेसने सुई थांबवली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"असं झालं नाही," तो म्हणाला. "मी बसलो नव्हतो काठावर. सगळ्यांबरोबर घरी आलो. दोन दिवसांचं जागरण होतं. कोटासकट आडवा झालो आणि झोपलो. दुपारी आईने उठवलं, तेव्हा क्षणभर काय झालंय ते आठवेचना. भूक लागली होती."

माझ्या हातातलं पुस्तक एकदम परक्याचं वाटायला लागलं. "इतकी वर्षं तुम्ही मला हे सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"तू कधी विचारलं नाहीस. आणि त्यात काय लिहिलंय, ते मला कुठे ठाऊक?"

तेही खरंच होतं. मला वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे.

बुरुल त्याच्याकडे टक लावून बघत होती. "मग तुम्ही जेवलात?" तिने विचारलं.

"जेवलो. आईने मटणाचा रस्सा दिला होता. वाडगं पुसून खाल्लं." त्याने सुई लगामात खुपसून ठेवली. "खाऊन झाल्यावर आठवलं."

मुलगी उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याला हात लावला नाही, नुसती बसली. कालिपा आजींनी रिकामा पेला माझ्यापुढे केला. मी चहा ओतला, अर्धा बशीत सांडला.

पुढचे कित्येक दिवस मला त्याच्याकडे नीट बघता येईना. तो खिडकीशी बसायचा आणि हा कोण बसलाय, मला कळायचं नाही. एकदा न राहवून विचारलं, "आत्ता काय आहे मनात?" तो म्हणाला, "तपकिरी मेंढी लंगडतेय." मी हसले, मग रडले. तो गोंधळून बघत राहिला. त्या दिवसापासून मी विचारायला लागले. कधी मेंढी असायची, कधी चारा, कधी अनारकान. तोही सांगायला लागला.

वसंतात कुरणावर जाण्याआधी त्याने बुरुलला नदीच्या उताराशी नेलं. आता तिथे सिमेंटचा पूल आहे. कालिपा आजीही हट्टाने घोडागाडीत बसल्या. मला शाळा होती. ऊन उतरताना तिघं परत आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बुरुलने घोडा स्वतः सोडला, त्याला पाणी दाखवलं आणि मला म्हणाली, "आई, आजी दमल्यात. आज आपल्याकडेच राहू देत."

त्या उन्हाळ्यात कालिपा आजी आमच्याबरोबर कुरणावर आल्या, आमच्याच तंबूत राहिल्या. एस्तेबेसशी त्यांचं फारसं बोलणं होत नसे. सकाळी तो घोडीचं दूध काढायचा आणि घोडीने पान्हा सोडावा म्हणून आजी तिच्या शिंगराला धरून उभ्या राहायच्या.