वरच्या अंगाचं पाणी

"वरच्या अंगानं भर गं पाणी, खाली म्हसरं बसल्याती," आई नदीच्या काठावरून सांगायची. मुरगूडजवळच्या त्या गावात संयोगिता कळशी घेऊन प्रवाहाच्या वर चार पावलं जायची. आई गेली, कळशीही गेली. हाताची सवय तेवढी राहिली.

आता ती कोल्हापुरात पाणी तपासणाऱ्या एका संस्थेत होती. दर सोमवारी पोहण्याच्या घाटावर बाटली भरायची, मैल्याचे जंतू किती ते बघायचं, बुधवारी फलक लावायचा. हिरवा, नाहीतर लाल. लोक पोहतात तिथलंच पाणी घ्यायचं, हा नियम. पण मे महिन्यातल्या एका सोमवारी ती घाट सोडून, मैलापाण्याचा नाला नदीला मिळतो त्याच्याही वरच्या बाजूला, नितळ पाण्यात वाकली. पाणी असंच भरतात. वावगं काही वाटलंच नाही.

फलक हिरवा लागला. जोतीरामतात्यांनी गुरुवारी पोरांच्या पाठीला डबे बांधून त्यांना पाण्यात सोडलं. सत्तरीतला माणूस, फुकट पोहायला शिकवायचा. रविवारपर्यंत अकरा पोरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्यातली धनपाल मगदूमांची मुलगी आदिती दवाखान्यात निपचित पडली.

सोमवारी नाल्यापाशी संयोगिताचे पाय थबकले. मागच्या वेळी आपण याच्या वर होतो, हे तिला तेव्हा उमगलं. तिनं खालचं पाणी भरलं. बुधवारी फलक लाल झाला. आधीचा हिरवा कुणाच्या ध्यानात नव्हता; गाव म्हणू लागलं की म्हाताऱ्यानं लाल फलक असताना पोरं उतरवली. कुणी म्हणे, मोतीबिंदूबरोबर डोळंबी काढून घेतलं काय याचं?

ती ऐकत राहिली. बोललं तर नोकरी जाणार होती.

शुक्रवारी ती दवाखान्यात गेली. आदितीच्या खोलीबाहेर तात्या बाकावर बसले होते. आत जायला त्यांना मगदूमांनी मनाई केली होती. ती शेजारी टेकली.

"मला हिरवाच दिसला गं पोरी," तात्या जमिनीकडं बघत म्हणाले. "पण एवढी माणसं म्हणत्यात, म्हंजे माझंच डोळं फसलं असणार. डबं भंगारात दिऊन टाकलं."

संयोगितानं त्यांचा सुरकुतलेला हात धरला. तो थंडगार होता.

"हिरवाच होता, तात्या. तुमचं डोळं फसलं न्हाईत. पाणी मी चुकीच्या जागचं भरलं."