पान एकसष्ट

"बाबा, दीडशे पानांचं तर पुस्तक हाय. बारा दिवस झाले. एवढ्यात तुमी चारशे पानांची कादंबरी खाऊन ढेकर दिला असता."

चैतालीनं ताटाशेजारी पुस्तक आपटलं. राजपालनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि पुस्तकाकडं न बघताच म्हणाला, "सोडलं म्या ते."

"सोडलं? कितव्या पानावर?"

"एकसष्ट."

"हे सोडायचं पुस्तक न्हाय, बाबा!" चैतालीचा आवाज चढला. "दुसरं कुठलंबी सोडा. पण हे न्हाय."

आता पुस्तक सोडलं म्हणून लेकीनं बापावर एवढं तापावं, हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. पण मुरुम गावात राजपालनं पुस्तक सोडलं ही बातमी असायची. उमरग्याच्या डेपोत चौतीस वर्षं एस.टी.च्या गाड्यांखाली पाठीवर पडून काढलेला हा मेकॅनिक. रिटायर झाल्यावर गावातली माणसं पारावर बसतात, हा वाचनालयात बसला. तिथं अभिप्रायाची एक वही होती. लोक त्यात 'पुस्तक छान आहे, बोधप्रद आहे' असं ठोकून द्यायचे, न वाचताच. राजपालनं शिसपेन्सिल घेतली, पट्टीनं दोन रकाने पाडले. एक 'पूर्ण', दुसरा 'सोडलं, पान नंबर'. आणि मग खाली जे मनात येईल ते.

'पान १२ वर सोडलं. तापलेल्या इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडून आत तोंड घालणारा ड्रायव्हर हसत घरी जात नसतो. दवाखान्यात जातो.'

'पान ३४ वर सोडलं. यातली माणसं जेवत नाहीत, झोपत नाहीत, नुसती बोलतात.'

'पूर्ण. रडलो. कुणाला सांगू नये.'

कुणाला सांगू नये म्हणून वहीत लिहायचं, असा हा शहाणा! पण लोकांना ते पटलं. बघता बघता गावाला सवय लागली. पुस्तक हातात घेतलं की आधी वही उघडायची, राजपालनं काय लिहिलंय ते बघायचं. अंगणवाडीतली मदतनीस दैवशाला तर त्याच्या शब्दाबाहेर पुस्तक न्यायची नाही. दुपारी लेकरं पांगली की तिला तासभर मिळायचा, तेवढाच. ती म्हणायची, "भाऊ, माझ्यापशी येळच थोडा हाय. वंगाळ पुस्तकावर घालवायला न्हाय माझ्याकडं." तिच्यासाठी तो फार जपून लिहायचा. आवडलं नाही ते आवडलं म्हणून त्यानं एकदाही लिहिलं नव्हतं. आयुष्यात मिरवावी अशी त्याच्याकडं तेवढीच एक गोष्ट होती.

आणि आता आलं हे पुस्तक. 'थोरल्या मालकांचं खळं'. लेखक सिद्रामप्पा, म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. आपल्या वडिलांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या, स्वतःच छापून घेतल्या होत्या, आणि येत्या रविवारी प्रकाशन होतं. मंगळवारी वाचनालयाची सरकारी तपासणी. आणि तपासणी झाली की कमिटीची बैठक. त्या बैठकीत चैतालीची ग्रंथपाल म्हणून कायम नेमणूक व्हायची होती, नाहीतर व्हायची नव्हती. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ती चार वर्षं तात्पुरती बसली होती त्या खुर्चीत. तेहतीस वय झालं होतं. दोनदा बैठक पुढं गेली होती. कमिटीत सात जण, पण मान हलायची एकाचीच, सिद्रामप्पांची.

"त्यात काय वाईट लिवलंय?" चैताली समजुतीवर आली. "उलट आज्जीचं नाव हाय त्यात. एकसष्टाव्या पानावरच हाय. चोरी केली तरी मालकांनी सोडून दिलं, ओटी भरून ज्वारी दिली. चांगुलपणाच हाय की."

"तसं झालं न्हवतं."

"मग कसं झालं हुतं?"

राजपालनं ताटात हात धुतला. त्रेपन्न वर्षं न बोललेलं माणूस एका जेवणात कसं बोलणार?

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा वाचनालयात आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, तोंडात साखर. राजपालच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"राजपाल, रविवारी वाचन तू करायचं बघ. तुझ्यासारखा खणखणीत आवाज पंचक्रोशीत न्हाय. आन तुझ्या मायला आणायचं. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तिच्यासाठी. शाल-नारळ देऊन सत्कार करू."

"मालक, तिला ऐकू येत न्हाय नीट. वय झालंय."

"असू दे की. बसंल. एकसष्टावं पान तेवढं सोडू नको. मायचं नाव अजरामर केलं बघ म्या तुझ्या!"

आणि ते मनापासून हसले. तो माणूस खोटं बोलत असता तर राजपालला त्याचा राग तरी नीट आला असता. पण सिद्रामप्पांना ते तसंच आठवत होतं, खरोखर. त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं असणार की आता दुसरं काही उरलंच नव्हतं. टेबलामागं चैताली उभी होती, वही छातीशी धरून. राजपाल म्हणाला, "व्हय मालक."

रविवारी सकाळी भिमाबाई सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, पण पांढरं पातळ कडक नेसली होती. गल्लीतून जाताना ज्याला त्याला सांगत चालली, "माझं नाव आलंय म्हणं पुस्तकात. अक्षराची वळख न्हाय मला, आन पुस्तकात माझं नाव! ऐकाय चालले." राजपाल मागून चालत होता. तिला आधी सांगायचं, हे त्यानं चार दिवस रोज ठरवलं होतं आणि रोज त्याच्या तोंडाला कुलूप बसलं होतं. विसरली असंल, त्यानं स्वतःला समजावलं. आणि नसली विसरली तरी तिला ऐकू कमी येतं. आपण हळू वाचू. एवढ्याच आधारावर गडी निघाला होता.

हॉलमध्ये शिरल्यावर त्यानं पाहिलं, पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीला लागूनच माणसाच्या उंचीचा स्पीकर ठेवला होता.

हार झाले, भाषणं झाली. भिमाबाईच्या खांद्यावर शाल पडली, तिनं दोन्ही हात जोडले. मग राजपालचं नाव पुकारलं. तो माइकपाशी गेला. पहिली पाच पानं वाचली, मग विहिरीचं प्रकरण वाचलं. साठावं पान संपलं. त्यानं बोटाला थुंकी लावली आणि समोरचं एकसष्टावं पान न वाचताच उलटलं.

"राजपाल," स्टेजवरच्या खुर्चीतून सिद्रामप्पा लाडानं म्हणाले, "एकसष्ट राहिलं की रे!"

लोक हसले. राजपालनं लेकीकडं पाहिलं. चैताली भिंतीशी उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही, नुसती बघत राहिली. त्यानं पान मागं घेतलं.

"'दुष्काळात आमच्या विहिरीवरची तेवढी ज्वारी आली होती. एके दिवशी भिमाबाई नावाची एक गरीब स्त्री आमच्या खळ्यावर दोन कणसे चोरताना सापडली. थोरल्या मालकांनी तिला एका शब्दानेही दुखावले नाही. मी स्वतः माझ्या हातांनी तिची ओटी ज्वारीने भरली. त्या माउलीच्या डोळ्यांतील कृतज्ञता मी आजही विसरलेलो नाही. तिचे लहानगे पोर त्या दिवशी आमच्या खळ्यावर बैलांमागे आनंदाने धावत होते.'"

त्याचा आवाज खणखणीत होता. चौतीस वर्षं इंजिनच्या आवाजावर ओरडून कमावलेला. हळू वाचायला तो विसरला, की त्याला जमलंच नाही, कोण जाणे. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, काय वाचतो गडी!

बैलांमागं तो धावला होता हे खरं. सहा वर्षांचा होता. थोरल्या मालकानं कणीस सुतळीनं मायच्या गळ्यात बांधायला लावलं आणि मळणीच्या बैलांमागं तिला गोल फिरवलं, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवलं, हा बघा आमचा नवा बैल. पोर पदर धरून मागं पळत होतं, कारण पदर सोडला तर माय हरवेल असं त्याला वाटत होतं. आणि सुतळीची गाठ मारली होती मालकाच्या सोळा वर्षांच्या लेकानं. गाठ मारताना तो असाच हसला होता, मनापासून.

भिमाबाई दुपारी घरी आली तेव्हा शाल अंगावर तशीच होती. चैतालीनं तिला पाणी दिलं. म्हातारीनं तांब्या खाली ठेवला.

"दोन न्हवती," ती म्हणाली.

"काय आज्जी?"

"कणसं. दोन न्हवती. एकच हुतं. तीन दिस पोटात अन्न न्हवतं ह्याच्या. बाभळीच्या शेंगा चघळायचा. एकच उचललं म्या." मग तिनं सगळं सांगितलं, सुतळी, बैल, दिवस बुडणं, तळपायाचं सालटं निघालं ते. रडली नाही. बाजाराला जाऊन आल्यासारखं सांगितलं. चैताली ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसली.

"माय, मला वाटलं तुला ऐकू..." राजपाल म्हणाला.

"कामून वाचलास रे?" भिमाबाईनं त्याच्याकडं मान वळवली. "पान उलटलंस तवा मला वाटलं, थांबला माझा लेक. तू लई पुस्तकं मधीच सोडतूस म्हणं. गाव सांगतंय. मग हे एक तुला सोडवलं न्हाय व्हय?"

राजपालला वाटलं, भुई फाटावी आणि आपण आत जावं. भुई काही फाटली नाही. म्हातारीनं शाल काढली, चार पदरी घडी केली आणि नातीपुढं ठेवली. "छापलेलं पुसलं जात न्हाय म्हणतीस ना तू? मग आता म्या मेल्यावरबी चोरच राहिले." आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधीच राजपाल पायरीवर होता. चैतालीनं कुलूप काढलं. त्यानं आत जाऊन वही ओढली, शिसपेन्सिल घेतली आणि आढेवेढे न घेता सरळ लिहिलं:

'पान ६१ वर सोडलं. कणीस एक होतं. ओटी भरली नाही, गळ्यात सुतळी बांधली. मी तिथं होतो.'

त्याला बरं वाटलं. फार नाही, पण छातीवरचा जॅक थोडा सैल पडावा तेवढं.

चैतालीनं वही आपल्याकडं फिरवली. दोनदा वाचलं. मग ड्रॉवर उघडून खोडरबर काढलं.

"चैताली."

"मला कळतंय, बाबा. काल समदं ऐकलंय म्या. रातभर डोळा लागला न्हाय." ती खोडत होती. कागद फाटू नये म्हणून एका हातानं ताणून धरला होता. "पण उद्या तपासणीवाले ही वही बघत्याल. मालक शेजारी बसून दाखवत्याल. आन बैठक परवा हाय. चार वर्षं, बाबा. माझी चार वर्षं हायत ह्या टेबलावर." तिनं रबराचा चुरा फुंकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. मग तिनं पेन त्याच्यापुढं ठेवलं. "पेनानं लिवा आता."

राजपालनं कधी पेनानं लिहिलं नव्हतं त्या वहीत. त्यानं टोपण काढलं. लिहिलं: 'पूर्ण वाचलं. उत्तम पुस्तक.' खाली सही केली. पेन्सिलीच्या ओळी खोडूनही कागदावर थोड्या उमटून राहिल्या होत्या, त्यांच्यावरूनच शाई गेली.

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. दैवशाला आली होती, काखेला अंगणवाडीची पिशवी. टेबलावरचं कोरं करकरीत पुस्तक तिनं उचललं, उलटसुलट केलं आणि सवयीनं वही जवळ ओढली. वाचलं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्याच्याकडं बघितलं.

"भाऊ, नेऊ का? म्हंजे, येळ घालवण्यासारखं हाय का?"

चैताली रजिस्टरात मान घालून बसली होती.

"ने," राजपाल म्हणाला. "पुरं वाच."

"तुमी म्हणताव म्हंजे काय बघायचं कामच न्हाय," दैवशाला खुशीत म्हणाली आणि पुस्तक पिशवीत घातलं. चैतालीनं तारखेचा शिक्का मारला.