लाल दिव्यानंतरचं वाक्य

मी तीन मिनिटांची पेटी बोलतेय. जरा भराभर बोलेन, रागावू नका. जन्मभर ज्याला त्याला मोजून तीन मिनिटं दिली, आता स्वतःची पाळी आली तर घाई काही अंगातून जात नाही.

दिसायला मी साधीच. पावाच्या डब्याएवढं लाकडी खोकं, पुढे तीन दिवे, मागे एक बटण आणि पोटात भोंगा. ब्रुकडेल गावानं निवडून दिलेल्या शाळा मंडळाची सभा भरली की मला टेबलावर मांडायचे. गावातलं कुणी माइकपाशी आलं की बटण दाबायचं. हिरवा लागला, बोला. पिवळा लागला, आवरा, अर्धं मिनिट उरलंय. लाल लागला की मी अशी केकाटायची की मागच्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलेलं पोर दचकून रडायला लागायचं.

मला घडवलं जीन साबोनं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, हायस्कूलच्या तळघरातल्या कार्यशाळेत शिकायचा. बोलताना अडखळायचा, म्हणून बोलायचाच कमी. हातात मात्र जादू. माझ्या तळाला आतल्या बाजूनं त्यानं पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं आणि मग फळी ठोकली. ते नाव फक्त मला ठाऊक होतं.

माझं बटण अठरा वर्षं लॉरेन पेत्रुसेकबाईंच्या बोटाखाली होतं. त्या मंडळाच्या सचिव. अध्यक्षांची बायको असो नाहीतर बसचा ड्रायव्हर, बाईंचं बोट कधी एक क्षण पुढेमागे झालं नाही. आम्हा दोघींना त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

पण माणसांची एक खोड मी पाहिली. पहिलं मिनिट ती आपलं नाव, गल्ली आणि आभार यात घालवतात. दुसरं मिनिट रागात जातं. ज्यासाठी घरातलं जेवण टाकून आलेली असतात, ते पिवळा दिवा लागल्यावर तोंडात येतं. आणि तेवढ्यात मी केकाटते. अशी किती अर्धी वाक्यं माझ्या पोटात पडून आहेत! सभा संपून दिवे मालवले तरी ती मला स्वस्थ बसू देत नसत.

मग मंडळानं लार्कमूरची छोटी प्राथमिक शाळा बंद करायचं काढलं. मुलं कमी, छत गळकं. तिथल्या पोरांना महामार्गापलीकडच्या नऊशे मुलांच्या शाळेत घालायचं ठरत होतं. त्या सभेत माइकपाशी जीन साबो आला. आता नळदुरुस्तीचं काम करणारा, पन्नाशीचा, डोक्यावर टक्कल. मी त्याला हातांवरून ओळखलं.

"मा-माझी मुलगी मॅ-मॅगी लार्कमूरला ज-जाते," तो म्हणाला. एवढ्याला हिरवा दिवा अर्धा सरला. हातात लिहून आणलेला कागद होता. "ती शा-शाळा बंद करू नका, कारण ति-तिथं..."

लाल. मी केकाटले.

"धन्यवाद, मिस्टर साबो," अध्यक्ष क्रेग डनहॅम म्हणाले. त्यांचं बोलणं इस्त्री केल्यासारखं, नेहमी पिवळ्याच्या आत संपणारं. "पुढचं नाव घ्या."

जीननं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पे-पेटी मी केलीय."

सभागृहात हशा पिकला. तो कागदाची घडी करून निघून गेला. ज्यानं मला आवाज दिला, त्याचाच आवाज मी बंद केला होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

खुर्च्या आवरताना लॉरेनबाई अध्यक्षांपाशी गेल्या. "क्रेग, त्याला एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"नियम म्हणजे नियम," क्रेग कोट चढवत म्हणाले. "आणि बटण तुम्हीच दाबलंत, लॉरेन. मी नाही."

ते बाईंना झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला, आणि आठवड्यानं मंडळाच्या निवडणुकीत क्रेगच्या जागेसाठीच अर्ज भरला. पाच जणांच्या मंडळात क्रेग धरून तिघं शाळा बंद करायच्या बाजूचे होते. हे एक मत फिरलं तर लार्कमूर वाचणार होती. नाहीतर पुढच्या वर्षी जूनमध्ये कुलूप.

त्या उन्हाळ्यात गावातल्या घरांपुढची हिरवळ प्रचाराच्या पाट्यांनी भरली. क्रेगच्या पाट्या छापील, निळ्या. लॉरेनबाईंच्या पाट्या जुन्या पाट्यांच्या पाठी रंगवून केलेल्या. आमच्या कचेरीतल्या नव्या सचिव सांगायच्या, "लॉरेन दारोदार फिरतेय, पण प्रचार कसला? पायरीवर बसते आणि लोकांचंच ऐकत राहते!"

ऑक्टोबरात दोघा उमेदवारांची समोरासमोर सभा झाली. तिथंही मी होतेच. क्रेग बोलले आणि पिवळ्यात थांबले. मग बाई उठल्या, आणि झाला घोळ! अठरा वर्षांची सवय. लोकांकडे बघायचं सोडून त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. घसा खाकरला, छताचं सांगितलं, बसचं सांगितलं, पाणी प्यायल्या. "बाई, मुद्द्यावर या," मी मनात ओरडत होते. पिवळा लागला तसा त्यांचा चेहरा उजळला.

"शाळा बंद करायची तर करा, पण त्याआधी निदान..."

लाल.

बाई थांबल्या. वाक्याच्या मधोमध!

"बोला की!" मागून कुणी ओरडलं.

"लाल लागला," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"घ्या! हिला स्वतःचं धड बोलता येईना, आपलं काय बोलणार?" पुढच्या रांगेतली एक म्हातारी कुजबुजली.

शेजारची म्हणाली, "अगं, पण स्वतःलाही सवलत घेतली नाही हो तिनं."

मला वाटलं, संपलं सगळं. कपाटात बसून मी नोव्हेंबरची वाट बघत तळमळत होते. मतदान लार्कमूरच्याच व्यायामशाळेत होतं, दारात मुलांच्या आया शाळेच्या मदतीसाठी केक विकत होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सचिव फोनवर किंचाळल्या, "नऊ मतांनी! लॉरेन नऊ मतांनी आली! हो, पुन्हा मोजली. नऊच!"

जानेवारीत बर्फ पडत होता, तरी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लॉरेनबाई शपथ घेऊन टेबलाच्या त्या बाजूला बसल्या. माइकपाशी पहिलं नाव निघालं क्रेग डनहॅम यांचं. साधा नागरिक म्हणून, जन्मात पहिल्यांदा. त्यांनी आकडे सांगितले, छताचा खर्च सांगितला, पण समोरून माझ्याकडे बघायची सवय नव्हती. पिवळा त्यांना दिसलाच नाही.

"माझी स्वतःची दोन्ही मुलं त्याच शाळेत..."

लाल. मी केकाटले आणि, खरं सांगते, मला मजा वाटली. सभागृहातही टाळ्या पडल्या. "वेळ संपला, क्रेग! बसा खाली!"

लॉरेनबाईंनी हात वर केला. "मी ठराव मांडते. बोलणाऱ्याला वाक्य पुरं करू द्यावं."

"ह्याला? ह्यानं कुणाला करू दिलं होतं?" लोक चिडले.

"ह्यालासुद्धा," बाई म्हणाल्या. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पास झाला.

क्रेग हळू म्हणाले, "दोन्ही मुलं त्याच शाळेत शिकली. ती बंद करताना मला आनंद होत नव्हता. पण छत खरंच गळतंय. एवढंच." आणि ते बसले.

पुढचं नाव जीन साबो. तोच घडीचा कागद. या वेळी त्यानं नाव-गल्ली सांगितली नाही, तरी लाल लागलाच. मी ओरडले. पण आता ठराव झालेला होता. लोक खुर्चीच्या कडेला सरकून ऐकू लागले; बाहेर बर्फ हटवणाऱ्या गाडीची घरघर चालू होती.

"ति-तिथं जेवणाच्या रांगेत मॅगीला च-च-चॉकलेटचं दूध हवं असतं," जीन म्हणाला. "च म्हणायला तिला वे-वेळ लागतो. वाढणाऱ्या बाई थांबतात. र-रांग थांबते. कुणी साधं दूध हातात को-कोंबत नाही." त्यानं कागद खिशात घातला. "मी शाळेत असताना बा-बारा वर्षं साधं दूध प्यालो. मला ते आवडत नाही. पण सा-साधं म्हणणं त्यातल्या त्यात सोपं होतं."

माझा लाल दिवा सबंध वेळ जळत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. क्रेगसुद्धा नाही.

लार्कमूर दोन वर्षांसाठी वाचली, छत दुरुस्त करण्याच्या अटीवर. मतं पुन्हा तीन विरुद्ध दोन.

पुढे मंडळानं भिंतीवर आकड्यांचा मोठा पडदा लावला आणि मला काढून टाकायचं ठरलं. लॉरेनबाईंनी मला लार्कमूरला आणलं. जीननं तळाची फळी उघडली, आपलं नाव बघून एकटाच हसला, आणि माझा भोंगा काढून नेला. दिवे ठेवले. आता मी जेवणघरात, दुधाच्या खिडकीवरच्या फळीवर असते.

स्वस्थ आहे का? नाही हो. दोन वर्षं सरत आली, हिरवळीवर पुन्हा पाट्या उगवल्यात, निळ्याही आहेत. नऊ मतं म्हणजे काय, एका जेवणाच्या टेबलाभोवतीची माणसं. त्यातली दोन-चार त्या दिवशी घरीच बसली तर? माझ्या वायरी नुसत्या विचारानं तापतात. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, तुमच्या गावात अशी फुटकळ वाटणारी निवडणूक असली तर मत द्यायला जा बाबांनो.

बस, पिवळा लागला. माझं आवरतं घेते. मधली सुट्टी झालीय, रांग लागलीय. मॅगी खिडकीपाशी आलीय, तोंड उघडून उभी आहे. मागची सोळा पोरं ट्रे धरून उभी आहेत. कधी सात सेकंद लागतात, कधी वीस. सवयीनं मी मोजते खरी, पण बोलत नाही.

थांबा जरा. येतंय तिचं.