न उघडलेले तंबू

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. शेवगावच्या पूर्वेकडच्या एका कोरडवाहू गावातली अकरा जोडप्यांची टोळी ऊसतोडीसाठी संगमनेर तालुक्यात उतरली होती. प्रवरेपासून थोड्या अंतरावर, मुरमाड माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या होत्या. बांबूच्या कमानी, त्यावर चटई आणि चटईवर काळा प्लास्टिकचा कागद.

एका रविवारी मुकादम अजिनाथनं सगळ्यांना सांगितलं, "आज फडात दुपारून जायचं. पुण्याची मानसं तंबू वाटायला येनार हायेत."

अकरा वाजता दोन गाड्या आल्या. डोंगर-किल्ले फिरणाऱ्या एका संस्थेची ती माणसं होती. त्यांचा पुढारी हर्षल, तिशीचा, दाढी नीट कोरलेली. त्यानं छोटं भाषण केलं. "आम्ही गडावर मुक्काम करतो तेव्हा हेच तंबू आमचं घर असतात. आता ते तुमचं घर होतील." मग अकराही बायकांना ओळीनं उभं करून एकेकीच्या हातात गुंडाळलेल्या तंबूची पिशवी दिली. निकिता नावाची मुलगी फोटो काढत होती. एकीचा फोटो हलला म्हणून तिला पिशवी परत देऊन पुन्हा घ्यायला लावली.

ज्योतीला मनापासून आनंद झाला होता. गेल्या हंगामात कोपीत पाणी शिरून तिची सगळी अंथरुणं भिजली होती. पिशवीवरच्या चित्रात तंबूला चेन होती, मच्छरांची जाळी होती. पाच वर्षांच्या राजनंदिनीला आता डास चावणार नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

संध्याकाळी फडावरून आल्यावर तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, पिशवीची दोरी सोडली. कापड पसरताच कुबट वास आला, पावसात भिजून महिनाभर पडलेल्या पोत्यासारखा. आतल्या बाजूनं तळहाताएवढे काळे-हिरवे डाग होते. तळाचं कापड बोटाला चिकटत होतं. बाजूच्या खिशातून एक दमट पायमोजा निघाला, त्यावरही पांढरी लव आलेली. शेजारच्या कोप्यांपुढेही तेच चाललं होतं. प्रत्येक जण तंबू उघडायचा आणि मागं सरायचा.

"पुसलं की जाईल, बाई," ज्योतीची सासू केशरबाई म्हणाली. "इतक्या लांबून आनलंय लोकांनी."

त्यांनी ओल्या फडक्यानं डाग पुसले आणि तंबूत झोपायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी राजनंदिनीची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जात होत्या, ओठ निळसर पडले होते. ज्योती तिला घेऊन टेम्पोनं संगमनेरच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीण बाईंनी मुलीच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला आणि विचारलं, "झोपते कुठं ही?"

ज्योतीनं तंबूचं सांगितलं, डागांचंही सांगितलं.

"बुरशी आहे ती. तुम्ही ओल्या फडक्यानं पुसलीत, म्हणजे आणखी पसरवलीत. तिला त्यात झोपवू नका."

परतताना मुलगी मांडीवर झोपली होती. ज्योतीला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. पायमोजा आठवला की तो जास्तच वर यायचा. कुणीतरी पावसातून परत येऊन हा तंबू ओलाच गुंडाळला होता, वर्ष-दोन वर्षं कोपऱ्यात टाकला होता, आणि नको झाला तेव्हा तिला आठवलं होतं.

तळावर येताच ती अजिनाथकडे गेली. "भाऊ, त्या लोकांना फोन लावा. मला बोलायचंय."

"काय बोलशील? वास येतो म्हनून?" अजिनाथ खाटेवरून हलला नाही. "त्यांनी पुढच्या म्हैन्यात ब्लँकेटं द्यायचं कबूल केलंय. तुला नको तर टाक की बांधाला, जळनाला व्हईल."

"असलं जाळलं तर आनखी खोकला व्हईल."

"मंग ठिव तसंच. पन फोनबिन करायचा न्हाई."

ज्योतीनं दुसराच फोन केला, आपल्या वडलांना, कानिफनाथांना. त्यांचा शेवगावात मांडवाचा धंदा होता. ज्योतीचं सगळं बालपण कनाती आणि पडदे वाळवण्यात गेलं होतं. लग्नात पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून अख्खं घर दोऱ्यांवर कापड टाकत फिरायचं. ओला पडदा घडी घालून ठेवणाऱ्या गड्याला कानिफनाथ त्याच दिवशी घरी पाठवत.

"दादा, बुरशी लागलेलं नायलॉन कसं धुवायचं?"

वडलांनी आधी नातीची चौकशी केली, मग कापडाची. "आदी पानी लावू नको. दोन दिस कडक उन्हात उलटं करून टाक. तोंडाला फडकं बांधून मऊ केरसुनीनं झाड, वारा पाठीकून यिऊ दे. मंग व्हिनेगर घे, चायनीजच्या गाडीवाले वापरत्यात ते. एक तांब्या व्हिनेगर, एक तांब्या पानी. फडक्यानं दाबून लाव आन घंटाभर सोड."

"ब्लिचिंग पावडर हाय इथं, पान्याच्या टाकीत टाकायची."

"अजाबात न्हाई. शिवनीचा दोरा खाती ती, आन कापड पानी आडवायचं सोडतं. ब्रशनं घासायचं न्हाई. गरम पान्यात बुडवायचं न्हाई. आन तळाचं कापड चिकट लागलं ना, तर ते संपलं म्हनून समज. त्याच्यापायी मरू नको." मग त्यांनी विचारलं, "दिलं कुनी हे?"

ज्योतीनं सांगितलं.

"कापड द्यायच्या आदी उघडून बघत्यात," कानिफनाथ म्हणाले. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

ज्योतीनं अकराही तंबू मागून घेतले आणि माळावर उलटे टाकले. दोन दिवस ऊन चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी साखर कारखान्यात काही बिघाड झाला आणि तोड बंद राहिली. टोळीला हंगामातली पहिली सुट्टी मिळाली. त्या दिवशी बायकांना आपले कपडे धुवायचे होते, डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं. टोळीतल्या बायडाबाईनं तर जवळच्या गावात बहिणीकडे जायचं ठरवलं होतं. ते सगळं राहिलं. पदरानं नाक-तोंड बांधून त्या तंबू झाडत बसल्या. झाडताना उन्हात हिरवट धूळ उडताना दिसत होती.

"आपल्या लेकरांच्या छातीत हेच जात हुतं," बायडाबाई म्हणाली आणि केरसुणी जोरात आपटू लागली.

"मऊ हातानं, मावशी. फाटंल," ज्योतीनं तिला थांबवलं.

मग श्रीमंतनं संगमनेरहून आणलेल्या व्हिनेगरचं पाणी, मग साधं पाणी, मग पुन्हा दोरीवर. चेनच्या दातांतली बुरशी त्यांनी काडीला चिंधी गुंडाळून काढली. डाग पूर्ण गेले नाहीत, फिकट राखाडी झाले, पण बहुतेकांचा वास गेला. ज्योती प्रत्येक तंबूत डोकं घालून हुंगून बघत होती. संध्याकाळी सात तंबू वापरण्याजोगे निघाले. चारांच्या तळाच्या कापडाचा थर सालीसारखा सुटत होता आणि वासही गेला नव्हता, ते तिनं वेगळे बांधून आपल्या कोपीमागं ठेवले. ज्यांच्या घरात लहान लेकरं होती त्यांना ते सात दिले. स्वतः ज्योतीनं मात्र राजनंदिनीला आठ दिवस कोपीतच झोपवलं.

आणखी दोन आठवड्यांनी हर्षल आणि निकिता पुन्हा आले. या वेळी एकच गाडी होती. त्यांना व्हिडिओ करायचा होता. माळावर ओळीनं उभे असलेले तंबू बघून हर्षल खूश झाला. "बघितलंस निकिता, किती छान ठेवलेत. आपण दिले तसेच आहेत." अजिनाथ हसत मान डोलावत होता. व्हिडिओत बोलायला त्यानंच ज्योतीला पुढं केलं, कारण टोळीत बारावी शिकलेली ती एकटीच होती.

निकितानं मोबाईल स्टँडवर लावला. हर्षल म्हणाला, "ताई, तंबू मिळाल्यापासून काय फरक पडला ते सांगा. अगदी मोकळेपणानं, मनातलं."

"मनातलं सांगू?"

"हो, तेच हवंय."

ज्योती मोबाईलकडं बघून बोलू लागली. "तंबू मिळाले त्याच्या चौथ्या दिशी माजी लेक दवाखान्यात वाफ घेत हुती. या तंबूंत बुरशी हुती. एकात न्हाई, अकराच्या अकरांत."

"निकिता, थांबव जरा," हर्षल म्हणाला. मग ज्योतीकडं वळून हळू आवाजात, "ताई, असं व्हिडिओत नको. तंबू तर किती चांगले दिसतायत."

"चांगले दिसत्यात कारन आमी धुतलेत. एक सुट्टी मिळाली हुती, ती त्याच्यात घातली." ती कोपीमागं गेली आणि चार पिशव्या आणून त्याच्या पायाशी ठेवल्या. "यातली एक उघडा. तुमच्या हातानं."

हर्षल हलला नाही. निकिता खाली बसली, तिनं एका पिशवीची दोरी सोडली, कापड बाहेर ओढलं आणि बाहीनं नाक दाबलं.

"हे आम्हाला लोकांनी दिलेले होते," हर्षल म्हणाला. "आम्ही फक्त गोळा करतो. प्रत्येक पिशवी उघडून बघणं शक्य नसतं."

"अकरा पिशव्या हुत्या. अकरा बायांचे फोटू काढले तुमी, एकीचा तर दोनदा. तेवढ्या येळात उघडता आल्या नसत्या?"

हर्षलनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

"तुमी सोता गडावर जाताना असला तंबू न्याल का?"

"नाही," निकिता म्हणाली. ती अजून खालीच बसली होती.

"मंग आमाला का आनला?"

"आमची भावना मदतीची होती," हर्षलचा आवाज आता चढला होता. "आम्ही सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीनं इथं येतो. आणि तुम्ही असं बोलणार असाल तर..."

अजिनाथ मध्ये पडला. "साहेब, मनावर घिऊ नका. पोरगी जरा तापट हाय."

"तापट न्हाई ती," केशरबाई म्हणाली. इतका वेळ ती कोपीच्या दारात वाकळ शिवत बसली होती. सून मोठ्यानं बोलली की तिला नेहमी लाज वाटायची, पण आता ती उठून आली. "नात माजी निळी पडली हुती, साहेब. मीच म्हनले हुते पुसून घ्या म्हनून. तुमचं नाव खराब व्हऊ ने म्हनून." तिनं दोन पिशव्या उचलल्या आणि गाडीजवळ नेऊन ठेवल्या. उरलेल्या दोन ज्योतीनं नेल्या. निकितानं डिक्की उघडली. हर्षल आधीच गाडीत जाऊन बसला होता.

ब्लँकेटं आली नाहीत. डिसेंबरात थंडी वाढली तेव्हा टोळीत कुजबूज सुरू झाली. बायडाबाईनं ज्योतीला तोंडावर विचारलं, "तेवढं गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं? तंबू तर धुऊन झाले हुते."

थंडी ज्योतीलाही वाजत होती. "मावशी, बोलले नसते तर ब्लँकेटं बी तसलीच आली असती," ती म्हणाली. बायडाबाईला ते पटलं नाही. अजिनाथ तर पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही, काही सांगायचं असलं तर श्रीमंतकडे निरोप द्यायचा.

नाताळच्या आसपास एका दुपारी ज्योती उसाची मोळी बांधत असताना फोन वाजला. निकिता होती. तिनं अजिनाथकडून नंबर मिळवला होता.

"ताई, आमच्या खोलीत अजून चाळीस पिशव्या होत्या. सगळ्या उघडल्या मी. सव्वीस वाया गेलेल्या आहेत. बाकीच्या साफ करायच्यात. तुम्ही कशा केल्या, सांगाल का?"

ज्योतीच्या मनात आलं, फोन ठेवून द्यावा. तिचा राग काही गेला नव्हता. या मुलीनंच तिला फोटोसाठी हसायला सांगितलं होतं. पण त्या चौदा तंबूंत उद्या कुणाचं तरी लेकरू झोपणार, हेही खरं होतं. ती मोळीवर बसली आणि वडलांनी सांगितलेलं सगळं एकेक करून सांगितलं. निकिता पलीकडे लिहून घेत होती.

"आन तुमच्या हातानं करा," ज्योती शेवटी म्हणाली. "घरात कामाला येनाऱ्या बाईला लावू नका."

"नाही, मीच करते. ताई, मुलगी कशी आहे?"

"बरी हाय."

"सॉरी, ताई."

"ते तिला म्हना. इकडं आलात की," ज्योती म्हणाली आणि फोन ठेवला. श्रीमंतनं पुढच्या सरीतून कुणाचा फोन म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "तंबूवाल्या बाईचा," आणि मोळीला उसाच्या हिरव्या वाढ्याची गाठ मारली.